‘गिव्ह’ही कळते, ‘अप’ही कळते, मग ‘गिव्ह अप’ का अडते?

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. त्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसलेली मुले आज तिशीच्या आसपास आहेत, नोकरीधंद्यात आहेत आणि दिवसभर इंग्रजी मजकूर वाचत आहेत. त्यांना ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर हे दुसरीतच ठाऊक झालेले असते. तरीही ‘ही गेव्ह अप’ असे वाक्य पहिल्यांदा समोर येते, तेव्हा त्याने काय दिले आणि वर कोठे दिले, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. इंग्रजी वर्तमानपत्र उघडले की तेथेही हेच घडते: चर्चा ‘फेल थ्रू’ झालेली असते, मागणी ‘टर्न डाऊन’ केलेली असते, योजना ‘रोल आऊट’ होत असते आणि पोलीस प्रकरणात ‘लुक इन्टू’ करत असतात. एकही शब्द अवघड नसतो, मात्र वाक्याचा अर्थ हाती लागत नाही.

अशा वेळी बहुतेक जण स्वतःला दोष देतात आणि आपले इंग्रजी कच्चे आहे असे ठरवून मोकळे होतात. तो निष्कर्ष मला अन्यायकारक वाटतो. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी नोंदवून ठेवले की, क्रियापदामागे एक छोटा शब्द लावून अर्थ बदलण्याची ही रीत इंग्रजीत इतर भाषांपेक्षा बहुधा अधिक आढळते आणि परक्यांना सर्वांत मोठी अडचण तिच्यामुळेच येते. ‘फॉल इन’, ‘सेट आऊट’, ‘टेक ऑफ’, ‘सेट इन’ अशी उदाहरणांची रांगच त्यांनी तेथे लावली आहे. म्हणजे ही अडचण जुनी आणि मान्यवर आहे. ती कोठून येते हे नीट पाहिले, तर मराठी माणसाला तिच्यातून वाट काढणे त्याला वाटते त्यापेक्षा बरेच सोपे जाते, असे माझे मत आहे.

### आधी नाव समजून घेऊ

क्रियापद आणि त्यामागे येणारा ‘अप’, ‘ऑफ’, ‘आऊट’, ‘ऑन’ असा लहान शब्द मिळून जेव्हा एकच अर्थ तयार होतो, तेव्हा त्या जोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने १९२५ साली छापात आणले. ते ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे त्याने सांगितले आहे. त्या लहान शब्दाला आपण या लेखापुरते ‘पाठचा शब्द’ म्हणू, कारण पाठच्या भावंडासारखा तो मागून येतो आणि पुष्कळदा घरातले सगळे लक्ष स्वतःकडे वेधून घेतो.

या जोड्या सगळ्या सारख्या अवघड नसतात. ‘सिट डाऊन’, ‘कम इन’, ‘गो अवे’ यांत दोन्ही शब्द आपापला अर्थ राखून असतात आणि त्या कोणालाही शिकवाव्या लागत नाहीत. ‘ईट अप’ किंवा ‘राईट डाऊन’ यांत क्रियापद जागेवर असते आणि पाठचा शब्द अर्थाला एक छटा देतो. ‘गिव्ह अप’ (सोडणे), ‘पुट अप विथ’ (सहन करणे), ‘टर्न डाऊन’ (नाकारणे) यांत मात्र दोघे मिळून तिसऱ्याच ठिकाणी पोचतात. शाळेच्या पुस्तकात या तिन्ही प्रकारांची सरमिसळ करून एकच लांबलचक यादी दिलेली असते, आणि विद्यार्थी धास्तावतो तो तेथेच.

### ‘आपल्या भाषेत असले काही नाही’ हे खरे का?

हा आक्षेप फार वेळा ऐकू येतो आणि तो मुळातच चुकीचा आहे. ‘बोलणे’ हे साधे क्रियापद घ्या. ‘तो बोलला’ म्हटले की केवळ घटना कळते. ‘तो बोलून गेला’ म्हटले की ते शब्द त्याच्या तोंडून नकळत निसटल्याचे कळते. ‘तो बोलून बसला’ यात आता पस्तावण्याची वेळ आल्याचे येते. ‘त्याने बोलून टाकले’ यात मनावरचे ओझे उतरल्याचे, ‘त्याने बोलून घेतले’ यात संधी साधल्याचे, तर ‘त्याने बोलून दाखवले’ यात मनातले उघड केल्याचे येते. यातल्या ‘बोलून बसला’ मध्ये कोणीही खाली बसलेले नाही आणि ‘बोलून टाकले’ मध्ये कोणी काही जमिनीवर टाकलेले नाही. व्याकरणात यांना संयुक्त क्रियापदे म्हणतात, आणि मराठी घरातले चार वर्षांचे मूल ती बिनचूक वापरते. ‘दूध सांडून बसलो’ म्हणणाऱ्या मुलाला ‘बसलो म्हणजे कोठे बसलास’ असे कोणी विचारत नाही.

संस्कृतात हेच काम क्रियापदाच्या पुढे लागणारे उपसर्ग करतात. ‘हृ’ या एकाच धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार हे पाच शब्द होतात. मारणे, खाणे, नाश करणे, हिंडणे आणि निवारण करणे अशा पाच दिशांना ते जातात, आणि पाचही आपण रोजच्या मराठीत वापरतो. ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते’ असे एक जुने वचन हीच उदाहरणे देते. उपसर्ग धातूच्या अर्थाला बळाने दुसरीकडे ओढून नेतो, असा त्याचा आशय आहे. ‘प्रहार’ आणि ‘आहार’ यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण ते शब्द आपण तोडून पाहिलेलेच नसतात. ‘गिव्ह अप’ मात्र आपण तोडून पाहतो, कारण मधली रिकामी जागा आपल्याला तोडायला सांगते.

इंग्रजीतही पूर्वी असे उपसर्ग क्रियापदाच्या पुढे लावण्याचीच रीत मोठी होती. ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’, ‘ओव्हरकम’, ‘अपहोल्ड’ ही त्याच काळाची शिल्लक आहे. पुढे शतकाशतकाने तो लहान शब्द क्रियापदाच्या मागे सरकत गेला आणि नव्या जोड्या मागच्या बाजूने बनू लागल्या. म्हणूनच ‘अपहोल्ड’ म्हणजे निर्णय कायम राखणे, आणि ‘होल्ड अप’ म्हणजे खोळंबा करणे किंवा शस्त्राच्या धाकाने लुटणे. तेच दोन शब्द, क्रम उलटा, अर्थ निराळे. उच्च न्यायालयाने शिक्षा ‘अपहोल्ड’ केल्याची बातमी वाचताना हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

### खरा भार कोणावर असतो?

आपण ‘गिव्ह’ आणि ‘टेक’ यांच्यामागे लागतो, पण बहुतेक वेळा गुपित पाठच्या शब्दात असते. मराठी वाचकाने प्रत्येक पाठच्या शब्दाशेजारी आपल्याकडची त्याच कामाची क्रियापदे मांडून पाहावीत, म्हणजे धुके बरेच विरते.

‘अप’चा पहिला अर्थ वर असा असला, तरी त्याचे सर्वांत मोठे काम क्रिया पुरी करणे हे आहे. ‘ईट’ म्हणजे खाणे आणि ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे. ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाकणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. भांडे काठोकाठ भरले की पातळी वरच्या कडेला टेकते, आणि ‘फिल अप’ या जोडीत ‘वर’ आणि ‘पुरे’ हे दोन अर्थ एकत्र नांदताना दिसतात. वाढ दाखवण्याचे कामही ‘अप’च करतो: ‘स्पीक अप’ म्हणजे आवाज वाढवून बोलणे, ‘ग्रो अप’ म्हणजे वाढून मोठे होणे. आपणही भाव ‘चढला’ आणि ताप ‘उतरला’ असेच म्हणतो. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० साली दाखवून दिले की जास्त म्हणजे वर आणि कमी म्हणजे खाली अशी चित्रे आपल्या विचारातच मुरलेली असतात. त्यामुळे ‘स्लो डाऊन’, ‘काम डाऊन’, ‘टर्न डाऊन द व्हॉल्यूम’ यांतला ‘डाऊन’ म्हणजे उतार, हे वेगळे सांगावे लागू नये. ‘राईट डाऊन’ मधला ‘डाऊन’ थोडा निराळा आहे; हवेत तरंगणारी गोष्ट कागदावर उतरवून ठेवणे असा त्याचा भाव आहे, आणि आपले ‘लिहून ठेव’, ‘उतरवून घे’ तेच सांगतात.

‘ऑन’ क्रिया चालू ठेवतो: ‘कॅरी ऑन’, ‘रीड ऑन’ म्हणजे करत राहा, वाचत राहा. ‘ओव्हर’ एखाद्या गोष्टीवरून नजर फिरवतो: ‘थिंक ओव्हर’ म्हणजे विचार करून पाहणे. ‘अवे’ वस्तू दूर करतो: ‘थ्रो अवे’ म्हणजे फेकून देणे. ‘आऊट’ दोन दिशांनी काम करतो. आत दडलेले बाहेर आले की ‘फाईंड आऊट’, ‘वर्क आऊट’, म्हणजे शोधून काढणे; या ‘काढणे’मध्येही बाहेर येण्याची क्रिया आहेच. आतले सगळे बाहेर गेले की आत काही उरत नाही, म्हणून ‘रन आऊट’, ‘सेल आऊट’, म्हणजे संपणे.

आता ज्या जोडीपासून सुरुवात केली तिच्याकडे परत येऊ. ‘गिव्ह अप’चा एक जुना अर्थ स्वतःजवळचे दुसऱ्याच्या स्वाधीन करणे असा आहे, किल्ला शत्रूच्या हवाली करणे म्हणजे तो ‘गिव्ह अप’ करणे. हातातले पुरते देऊन टाकले म्हणजे त्यावरचा हक्क सुटला, आणि त्यातूनच प्रयत्न सोडणे, सवय सोडणे हे आजचे अर्थ आले. मराठीत सिगारेटची सवय मोडल्यावर आपण काय म्हणतो? ‘सोडून दिली.’ तेथेही ‘देणे’ आहेच. त्याने ती सिगारेट कोणाला दिली, असा विचार आपल्या मनात येत नाही, इतकेच.

### मग ‘ऑफ’ कधी बंद, कधी सुरू, हे कसे?

ही चित्रे नेहमीच जुळत नाहीत, असा रास्त आक्षेप येथे घेता येईल, आणि त्यासाठी सर्वांत चांगले उदाहरण ‘ऑफ’चे आहे. ‘द लाईट वेंट ऑफ’ म्हणजे दिवा गेला, पण ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजू लागला. एकाच जोडीने एकदा बंद होणे आणि एकदा सुरू होणे सांगितल्यावर शिकणाऱ्याचा विश्वास डळमळतो.

मराठीतले ‘सुटणे’ हे क्रियापद शेजारी ठेवून पाहा. शाळा सुटली म्हणजे संपली. वारा सुटला म्हणजे सुरू झाला. गाडी सुटली म्हणजे निघाली, गोळी सुटली म्हणजे बार उडाला, नोकरी सुटली म्हणजे गेली, घाम सुटला म्हणजे येऊ लागला. आपल्याला यात विसंगती वाटत नाही, कारण मुळातला अर्थ एकच आहे: जे धरलेले, जोडलेले किंवा कोंडलेले होते ते मोकळे झाले. ‘ऑफ’चे मूळही नेमके हेच, संबंध तुटणे किंवा सुटणे. विमान ‘टेक ऑफ’ करते तेव्हा जमीन सुटते. प्रवासी ‘सेट ऑफ’ करतो तेव्हा घर सुटते. कर्ज ‘पे ऑफ’ केले की त्यातून सुटका होते. लग्न किंवा संप ‘कॉल ऑफ’ झाला की ठरलेले मोडते. बंदूक ‘गोज ऑफ’ म्हणजे आतली गोळी सुटते, आणि दाबून ठेवलेला गजर ‘गोज ऑफ’ म्हणजे आवाज सुटतो. दिव्याचा विजेशी संबंध सुटला की तो ‘ऑफ’. ‘ऑफ’ला ‘बंद’ हा एकच मराठी शब्द चिकटवून ठेवल्यामुळे आपली फसगत होते. ‘सुटणे’ मनात धरले तर ती पुष्कळ टळते.

मात्र एक सावधगिरी हवी. अशी समांतरे आठवण ठेवण्यासाठी असतात, नवी जोडी स्वतः घडवण्यासाठी नसतात. ‘खाऊन टाकणे’ म्हणजे ‘ईट अप’ म्हणून ‘मारून टाकणे’ म्हणजे ‘किल अप’ होत नाही. कोणते क्रियापद कोणत्या पाठच्या शब्दाशी नांदते हे इंग्रजी बोलणाऱ्यांच्या वहिवाटीने ठरलेले आहे, आणि ते ऐकून, वाचूनच घ्यावे लागते.

### एकूण किती शिकायच्या?

कोश उघडला की या जोड्या हजारांनी निघतात आणि उमेद खचते. प्रत्यक्ष वापर मोजला तेव्हा चित्र बरेच दिलासा देणारे निघाले. ब्रिटिश इंग्रजीच्या सुमारे १० कोटी शब्दांच्या एका प्रातिनिधिक संग्रहाचा अभ्यास करून डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ साली दाखवले की, अवघी २० क्रियापदे आणि ८ पाठचे शब्द यांच्या जोड्यांनीच अशा वापराचा निम्म्याहून अधिक भाग व्यापलेला आहे. ‘गो’, ‘कम’, ‘टेक’, ‘गेट’, ‘सेट’, ‘पुट’ अशी ती क्रियापदे प्राथमिक शाळेत शिकलेलीच आहेत.

अडचण संख्येपेक्षा अर्थांच्या गर्दीची आहे. ‘टेक ऑफ’ म्हणजे विमानाने उड्डाण करणे, कपडा उतरवणे, रजा घेणे, धंदा एकाएकी भरभराटीला येणे आणि कोणाची नक्कल करणेसुद्धा; जॉन्सन यांनी यातला नकलेचाच अर्थ दिला होता. आपल्या ‘बसणे’चेही तसेच आहे, घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो आणि घडीही बसते. पण येथेही मोजणी मदतीला येते. नॉटिंगहॅम विद्यापीठातील मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी २०१५ साली सर्वाधिक वापराच्या १५० जोड्यांची यादी केली, तेव्हा प्रत्येक जोडीचे सरासरी दोनच अर्थ तिच्या तीन चतुर्थांशाहून अधिक वापराला पुरतात असे आढळले. म्हणजे साधारण ३०० अर्थ नीट पचवले की रोजचे वाचन फारसे अडू नये. वर्षभराच्या अभ्यासाला हे काही डोईजड नाही.

### मधे शब्द घालावा की घालू नये?

येथे एक नियम खरोखर पाठ करण्याजोगा आहे. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, पण पंख्याऐवजी ‘इट’ हे सर्वनाम आले की ते मधेच बसले पाहिजे: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ असे इंग्रजीत म्हणत नाहीत. याउलट ‘लुक आफ्टर’, ‘लुक इन्टू’ यांसारख्या काही जोड्या कधीच फुटत नाहीत. तेथे ‘लुक आफ्टर हर’ असेच राहते. चांगला कोश प्रत्येक जोडीबरोबर तिचे हे वागणे दाखवतो, आणि नवी जोडी वहीत उतरवताना सर्वनामासह एक वाक्य लिहून ठेवले तर नियम वेगळा आठवावा लागत नाही.

नोकरीच्या पत्रांतली एक चूक येथेच सांगून टाकतो, कारण ती फार पसरली आहे. ‘लुक फॉरवर्ड टू’ मधला ‘टू’ हा क्रियापदापुढे येणारा साधा ‘टू’ नाही, तो या जोडीचाच भाग आहे. म्हणून ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ असे लिहावे लागते. ‘टू मीट यू’ लिहिले की जाणत्या वाचकाला ते लगेच खटकते.

### एका भारदस्त शब्दाने काम भागत असेल तर?

‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’, ‘पुट आऊट’ऐवजी ‘एक्स्टिंग्विश’, ‘पुट अप विथ’ऐवजी ‘टॉलरेट’ लिहिले तर काय बिघडते, हा आक्षेप अनेक हुशार विद्यार्थी घेतात. व्याकरणाच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही. पण इंग्रजीचा इतिहास या दोन थरांतून घडला आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राज्यकारभार आणि न्यायालये यांत फ्रेंच शिरली, विद्येची आणि धर्माची भाषा लॅटिन होती, आणि घरादारात मात्र जुनी इंग्रजी चालू राहिली. त्यामुळे आजही लॅटिन वा फ्रेंच मुळाचा शब्द औपचारिक वाटतो आणि फ्रेजल व्हर्ब घरगुती. मराठीत ‘भोजनास प्रारंभ करावा’ आणि ‘जेवायला सुरुवात करा’ यांत जे अंतर आहे तेच हे अंतर. पंगतीत पहिले वाक्य शोभते. भुकेलेल्या मित्रापुढे ताट ठेवून ते म्हटले तर त्याला परकेपणा वाटेल. शासकीय अहवालात ‘इन्व्हेस्टिगेट’ लिहावे, सहकाऱ्याला निरोप देताना ‘आय विल लुक इन्टू इट’ म्हणावे.

शिकणारे लोक फ्रेजल व्हर्ब टाळतात ही गोष्टही अभ्यासली गेली आहे. हिब्रू भाषेत असा प्रकार नाही, आणि हिब्रू बोलणारे विद्यार्थी शक्य तेथे एकशब्दी क्रियापदाकडे वळतात, असे १९८५ साली डॅगट आणि लॉफर या अभ्यासकांना आढळले. त्यांच्या मानाने आपण सुदैवी आहोत, कारण ‘बोलून टाकणे’ आणि ‘सोडून देणे’ आपल्या अंगवळणी पडलेले आहे. टाळण्यात आणखी एक तोटा आहे. आपण टाळले तरी समोरचा टाळत नाही, आणि मग आपल्याला बोलता येते पण ऐकलेले समजत नाही, अशी अवस्था होते.

### वाक्प्रचारांचे काय?

फ्रेजल व्हर्बला निदान पाठच्या शब्दाचा आधार असतो. वाक्प्रचार, म्हणजे इंग्रजीतील ‘इडियम’, हा अख्खा साचा असतो आणि त्यातली एक वीटही हलवता येत नाही. ‘नाकी नऊ आले’ हे मराठी. ‘नाकी दहा आले’ हे काहीच नव्हे. तसेच ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे, पण ‘बीन्स’च्या जागी दुसरे कडधान्य सांडून चालत नाही.

काही वाक्प्रचार आपल्याला आपोआप उमगतात, कारण चित्र ओळखीचे असते. ‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’ म्हणजे आयुष्याला नवे वळण देणे. यातला ‘लीफ’ म्हणजे पुस्तकाचा कागद, आणि मराठीतही झाडाचे ते पान आणि पुस्तकाचेही ते पानच. क्रिकेटमधून आलेला ‘स्टिकी विकेट’, म्हणजे अडचणीची स्थिती, मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. खरी पंचाईत होते ती अमेरिकी बोलण्यात. पुण्यातील हिंजवडीत बसून अमेरिकेतील ग्राहकांशी बोलणाऱ्या तरुणांना ‘टच बेस’, ‘बॉलपार्क फिगर’, ‘कर्व्हबॉल’ हे शब्द रोज ऐकावे लागतात, आणि ते सगळे बेसबॉलशी जोडलेले आहेत. तो खेळ आपण पाहिलेला नसतो, म्हणून चित्रच उभे राहत नाही. ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात संपर्क साधणे, ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अदमासे आकडा आणि ‘कर्व्हबॉल’ म्हणजे अनपेक्षित पेच. तो चेंडू हवेत वळून फलंदाजाला चकवतो, त्यामुळे आपल्याला गुगली आठवावी.

वाक्प्रचार ओळखता येणे आवश्यक आहे, स्वतः वापरण्याची घाई मात्र करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या शाळांनी ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतले. प्रत्यक्षात पाऊस कोसळू लागला की इंग्रजी बोलणारा माणूस बहुधा ‘इट्स पोअरिंग’ एवढेच म्हणतो.

### आपल्याकडचे वापर चुकीचे मानावेत का?

‘मी २०१८ साली पास आऊट झालो’ हे आपल्याकडे पदवीधर होण्याबद्दल सर्रास म्हटले जाते. बाहेर मात्र ‘पास आऊट’चा रोजचा अर्थ बेशुद्ध पडणे असा आहे, त्यामुळे परदेशी मुलाखतीत ‘ग्रॅज्युएट’ म्हणणेच बरे. पण या वापराला आपण अडाणीपणा म्हणू नये. लष्करी प्रशिक्षण पुरे करणे या अर्थाने ‘पास आऊट’ ब्रिटिश इंग्रजीतच आहे, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दर सत्राअखेर होणारी ‘पासिंग आऊट परेड’ त्याचीच साक्ष आहे. सरकारी कार्यालयातील ‘फाईल पुट अप करणे’, म्हणजे वरिष्ठांपुढे सादर करणे, हाही त्या जगात पक्का रुजलेला वापर आहे. ‘कोप अप विथ’ मात्र टाळावे. तेथे ‘अप’ उगाच शिरला आहे आणि ‘कोप विथ’ एवढेच पुरते. ‘क्लोज द लाईट’ हे ‘लाईट बंद कर’चे शब्दशः रूप आहे, त्याऐवजी ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ म्हणावे.

### रोजच्या बोलण्यातून सुरुवात

यादी पाठ करण्याआधी आपल्याजवळ किती साठा आहे तो मोजावा. चेक-इन, लॉगआऊट, बॅकअप, फॉलोअप, ब्रेकअप, टेकओव्हर, अकरावी प्रवेशाचा कटऑफ आणि २०२० सालच्या मार्चपासून घरोघरी पोचलेला लॉकडाऊन, ही सगळी याच क्रियापदांपासून बनलेली नामे आहेत. नामात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या शब्दावर पडतो आणि क्रियापदात तो बहुधा पाठच्या शब्दावर पडतो. म्हणून ‘बॅकअप घेतला’ म्हणताना ‘बॅक’ ठसठशीत येतो आणि ‘बॅक इट अप’ म्हणताना ‘अप’. बातम्या ऐकताना हा आघात कानाने टिपायची सवय लागली की कोठे जोडी आहे आणि कोठे सुटे शब्द आहेत ते कळू लागते. दिवसाला एक जोडी पुरे. ती ज्या वाक्यात भेटली त्या वाक्यासकट लिहावी, आणि शेजारी घरात बोलतो तसे मराठी लिहावे.

सरावाला वर्तमानपत्रातले एक वाक्य दरवर्षी हमखास मिळते. केरळात मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख १ जून आहे, आणि तो आला की भारतीय हवामानशास्त्र विभाग इंग्रजीत मान्सून ‘हॅज सेट इन ओव्हर केरळ’ असे जाहीर करतो. ‘अराइव्ह’ म्हटले असते तर पाऊस फक्त पोचला असता. ‘सेट इन’चा जॉन्सन यांनी १७५५ साली दिलेला अर्थ अखंड चालणारी गोष्ट सुरू होणे असा आहे, आणि तो येथे जसाच्या तसा लागू पडतो. मराठी बातमीत आपण ‘मान्सून दाखल झाला’ असे छापतो, पण वहीत ‘सेट इन’शेजारी लिहायला त्याहून नेमका शब्द कोकणातल्या कोणत्याही घरात मिळेल: पावसाळा लागला.